जुन्या आणि संग्राह्य रायफलींचे मूल्य कसे ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वारशाने दोन रायफली आल्या आहेत. एक विंचेस्टर कंपनीची १८७३ मॉडेलची लिव्हर-ॲक्शन (चापाखालचा दांडा हलवून पुढचे काडतूस भरणारी) आहे आणि दुसरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ली-एन्फिल्ड क्रमांक ४. एका विक्रेत्याने दोन्हींचा मिळून एक आकडा सांगितला, दुसऱ्याने त्याच्या जवळजवळ तिप्पट सांगितला. यांतला कोणता खरा मानावा, आणि तज्ज्ञाला दाखवण्यापूर्वी दोन्ही रायफली घासूनपुसून, पॉलिश करून घ्याव्यात का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर पहिला भाग निरर्थक होईल. काहीही घासू नका. लोखंडावरचा तपकिरी थर, दस्त्यावरचा काळपटपणा, अक्षरांत बसलेला मळ हे सगळे आहे तसेच राहू द्या. मऊ, कोरड्या कापडाने धूळ टिपावी आणि धातूवर आम्लरहित तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, एवढेच पुरे आहे. संग्राहक पैसे मोजतो ते कारखान्यातून किंवा लष्करी सेवेतून बाहेर पडताना त्या वस्तूचे जे रूप होते, त्यातले आज किती शिल्लक आहे आणि ते किती सिद्ध करता येते, यासाठी. पॉलिश पेपरने काढलेला मूळ मुलामा कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

त्याहीआधीचे एक काम म्हणजे रायफल रिकामी आहे याची खात्री करणे. ठासणीच्या बंदुकांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली ठासणीची बंदूक आत भरलेलीच असल्याचे वारंवार आढळते आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. गज नळीत तळापर्यंत घालून त्यावर खूण करावी आणि तीच लांबी बाहेरून नळीला लावून पाहावी. गज तळाच्या बराच अलीकडे थांबत असेल, तर ती बंदूक जाणकाराच्याच हाती द्यावी.

मूल्यमापनाची सुरुवात ओळखीपासून होते. ‘विंचेस्टर १८७३’ एवढ्या वर्णनावर कोणताही प्रामाणिक मूल्यमापक आकडा सांगणार नाही, कारण या मॉडेलच्या सात लाखांहून अधिक रायफली बनल्या आणि त्यांत साध्या गोल नळीच्या कार्बाइनपासून (आखूड रायफलीपासून) खास मागणीनुसार घडवलेल्या नक्षीदार नगांपर्यंत सर्व काही आहे. नळी अष्टकोनी आहे, गोल आहे की अर्धी अष्टकोनी; तिची लांबी किती; काडतूस कोणते; चाप साधा आहे की हलक्या दाबाने सुटणारा सेट ट्रिगर; दस्त्याचे लाकूड साधे अक्रोड आहे की निवडक रेषांचे; पकडीवर चौकड्यांचे खाचकाम आहे का, या प्रत्येक तपशिलाने किंमत हलते. चाचणीत विशेष अचूक ठरलेल्या नळ्या वेगळ्या काढून या मॉडेलचे काही नग ‘वन ऑफ वन थाउजंड’ अशी अक्षरे कोरून विकले गेले. अशा रायफली दीडशेहूनही कमी झाल्या आणि आज त्यांची गणना सर्वांत महागड्या विंचेस्टरांत होते. साहजिकच, खोटी अक्षरे कोरण्याचा मोहही याच रायफलींबाबत सर्वाधिक असतो.

अशा वेळी कारखान्याच्या नोंदी कामी येतात. विंचेस्टरच्या जुन्या उत्पादन-नोंदवह्यांचा मोठा भाग अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात जतन केलेला आहे आणि शुल्क भरून अनुक्रमांकावरून तेथून अधिकृत पत्र मिळवता येते. नोंद उपलब्ध असेल तर त्यात नळीचा प्रकार, चाप, विशेष मागण्या आणि रायफल कोठारातून बाहेर पडल्याची तारीख सापडते. हातातील वस्तू या नोंदीशी तंतोतंत जुळली तर किमतीला बळ येते. नोंदीत गोल नळी असून हातात अष्टकोनी नळी असेल, तर पुढची सारी चर्चा बदलते. मात्र या नोंदींना मर्यादा आहेत. २०१४ साली नेवाडा राज्यातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एका जुनिपर वृक्षाला टेकून ठेवलेली, उन्हापावसात पांढरी पडलेली १८७३ मॉडेलची विंचेस्टर सापडली. तिच्या अनुक्रमांकावरून ती १८८२ मध्ये तयार होऊन रवाना झाल्याचे कळले, पण ती कोणाकडे गेली हे नोंदीतून समजू शकले नाही. संग्रहालयाने तिचे लाकूड पुन्हा नवे केले नाही, आहे त्या अवस्थेत ते अधिक झिजू नये इतकाच उपचार केला. माझ्या मते खासगी मालकानेही हाच धडा गिरवावा.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे, म्हणजे मूळपणाकडे वळतो. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या शस्त्रांच्या अवस्थेसाठी ठरवलेल्या श्रेणी बाजारात सर्रास वापरल्या जातात. त्यांत ‘एक्सलंट’ म्हणवून घेण्यासाठी सर्व भाग मूळ असावे लागतात आणि मूळ मुलामा ८० टक्क्यांहून अधिक शिल्लक असावा लागतो. ‘फाइन’साठी तो ३० टक्क्यांहून अधिक असावा लागतो, तर ‘व्हेरी गुड’मध्ये मुलामा जवळजवळ नाहीसा झालेला चालतो, पण भाग मूळ, कडा धारदार आणि अक्षरे स्पष्ट हवीत. नव्याने मुलामा दिलेली शस्त्रे याच्याही खाली, ‘गुड’मध्ये जातात. याचा अर्थ नीट समजून घ्यावा: मुलामा उडून गेलेली पण अस्पर्श रायफल ही नव्याने निळी-काळी चमकवलेल्या रायफलीपेक्षा वरच्या श्रेणीत बसते. नवख्या मालकाला हे पटायला वेळ लागतो, आणि चमक दाखवून विकणाऱ्यांचे फावते ते त्यामुळेच.

नव्याने केलेले ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा मुलामा) ओळखण्यासाठी भिंगाइतकाच तिरपा प्रकाश उपयोगी पडतो. मुलाम्यापूर्वी धातू घासावा लागतो आणि घासताना अष्टकोनी नळीच्या कडा बोथट होतात, सपाट पृष्ठभागांवर हलकी लाट उमटते, स्क्रूच्या भोकांच्या काठाला बशीसारखा खोलगटपणा येतो आणि ठशांची अक्षरे उथळ होतात. मूळ ठसा मारताना धातू किंचित वर उचलला जातो. नखाने जाणवणारी ती कड घासलेल्या वस्तूवर नसते. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही मुलामा दिसला, तर आधी गंज चढला आणि मुलामा नंतर दिला गेला, हे उघड आहे. भाग वेगवेगळे असल्याने त्यांचा रंगही मुळात वेगवेगळा असायचा. घोडा आणि लिव्हर यांसारख्या भागांवर अनेकदा केस-हार्डनिंगचे (पृष्ठभाग कठीण करणाऱ्या उष्णता-प्रक्रियेचे) निळे-तपकिरी-करडे मिश्र ढग असत, तर काही स्क्रू व लहान भाग उष्णतेने आलेल्या चमकदार निळ्या छटेचे असत. नळीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळे एकाच काळ्या रंगात न्हालेले दिसले, तर मला तत्काळ शंका येते.

लाकडाचेही तसेच आहे. चांगल्या कारखान्यातून निघालेल्या दस्त्याचे लाकूड धातूच्या कडेपेक्षा केसभर उंच ठेवलेले असते. ते धातूच्या खाली गेले असेल, तर कोणीतरी दस्ता घासला आहे. दस्ता आखूड करून त्याला रबरी पॅड बसवणे, पट्ट्यासाठी नव्या कड्या ठोकणे, दुर्बीण बसवण्यासाठी रिसीव्हरवर (नळीमागच्या, यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या भागावर) भोके पाडून आटे घेणे, नळी कापणे या चार गोष्टी किमतीच्या सर्वांत मोठ्या शत्रू आहेत. त्यांतही रिसीव्हरवरची भोके सर्वांत वाईट, कारण ती बुजवली तरी खूण राहते. स्क्रूच्या डोक्यांकडे आवर्जून पाहावे. चुकीच्या पेचकसाने चिरडलेल्या खाचा म्हणजे रायफल अनेकदा उघडली गेल्याची साक्ष असते, आणि १८८० च्या रायफलीत अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू असेल तर वाद घालण्याचे कारणच उरत नाही, कारण तो प्रकार १९३० च्या दशकातला आहे.

लष्करी रायफलींचे गणित वेगळे आहे. त्या दारूगोळा-कारखान्यांत पुन्हा पुन्हा उघडल्या गेल्या, भाग बदलले गेले, नवे ठसे मारले गेले. त्यामुळे तिथे ‘मूळ’ या कल्पनेचे दोन अर्थ होतात: कारखान्यातून निघाली तशी, किंवा सैन्याने शेवटची दुरुस्ती केली तशी. दोन्हींना गिऱ्हाईक आहे, पण भाव सारखा नाही. जर्मन माउझर के-९८-के घ्या. बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा), रिसीव्हर, मॅगझिनचा (काडतुसांच्या कप्प्याचा) तळ आणि इतर लहान भाग यांवर एकाच रायफलीचा क्रमांक असेल, तर ती संग्राहकांच्या यादीत वर असते. सोव्हिएत सैन्याने जप्त करून नंतर पुन्हा जुळवलेल्या त्याच मॉडेलच्या रायफलींवर मिश्र भाग, दस्त्यावर लाखेचा लालसर थर आणि बोल्टवर नंतर उमटवलेला क्रमांक आढळतो. त्या खोट्या नाहीत, त्यांचा इतिहासही खरा आहे, परंतु जुळणाऱ्या क्रमांकांच्या रायफलीचा भाव त्यांना लावणे चूक आहे. अमेरिकन एम-१ गॅरंडच्या बाबतीत सुरुवातीच्या सुमारे ५० हजार रायफली ‘गॅस ट्रॅप’ रचनेच्या (नळीच्या तोंडाशी अडवलेल्या वायूवर यंत्रणा चालवणाऱ्या) होत्या आणि त्यांतील बहुतेक पुढे नव्या रचनेत बदलल्या गेल्या. म्हणून न बदललेला नग दुर्मीळ आणि अर्थातच बनावटीच्या मोहाचा विषय ठरतो. जपानी अरिसाकावर रिसीव्हरच्या माथ्यावरील शेवंतीचे राजचिन्ह बऱ्याचदा घासून टाकलेले असते. ते अखंड असलेली रायफल, इतर सर्व समान असताना, स्पष्टपणे अधिक किमतीला जाते.

तुमच्या ली-एन्फिल्ड क्रमांक ४ कडे याच नजरेने पाहायला हवे. साधी पायदळाची रायफल असेल, तर ती लाखोंच्या संख्येने बनलेली आहे आणि तिचे मूल्य बोल्टवरचा व रिसीव्हरकडचा क्रमांक जुळणे, कारखान्याचा ठसा, लाकडाची अवस्था यांवर ठरेल. पण हेच मॉडेल निवडून, बहुतांशी हॉलंड अँड हॉलंड या कंपनीकडून, दुर्बीण बसवून नेमबाजांसाठी तयार करण्यात आले. ती ‘टी’ आवृत्ती साध्या रायफलीच्या कित्येक पट किमतीची असते. तिच्या रिसीव्हरच्या डाव्या बाजूला ‘टी’ हे अक्षर, दस्ता जिथे धातूत बसतो त्या सॉकेटवर ‘टीआर’, दस्त्यावर गालासाठी बसवलेला लाकडी उंचवटा, दुर्बिणीच्या कंसावर रायफलीचा क्रमांक आणि दस्त्याच्या निमुळत्या भागावर दुर्बिणीचा क्रमांक अशा खुणा असतात. या सर्व एकमेकींशी जुळाव्या लागतात. दुर्बिणीसाठीचे दोन आधार सुट्या भागांच्या बाजारात नवे मिळतात, त्यामुळे केवळ ते दिसले म्हणून विश्वास ठेवू नये. दुर्बीण आणि रायफल युद्धकाळात एकमेकींपासून दुरावल्या असतील, तर दोन्ही अस्सल असूनही जोडीचा भाव मिळत नाही.

बनावटीविषयी थोडे अधिक. खैबर खिंडीच्या परिसरातील कारागिरांनी मार्टिनी-हेन्री आणि एन्फिल्डच्या हाताने घडवलेल्या नकला पिढ्यान्‌पिढ्या केल्या. त्यांवर अक्षरे उलटी असतात, शब्दांची वर्णरचना चुकलेली असते, आणि राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे साल कोरलेले आढळते, जेव्हा राणी हयातच नव्हती. अशा वस्तूंना स्वतःची एक संग्राह्यता आहे, मलाही त्यांतील काही फार आवडतात, पण त्यांची किंमत मूळ मार्टिनीची नसते आणि त्यांतून गोळी झाडणे हा वेडेपणा आहे. इटलीत बनणाऱ्या विंचेस्टरच्या आधुनिक प्रतिकृती हा दुसरा प्रकार. त्या उत्तम असतात आणि प्रामाणिकपणे विकल्या जातात, पण इटालियन चाचणीगृहाचे (शस्त्राची ताकद तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे) ठसे घासून, आम्लाने धातू जुना करून त्या पुढे सरकवणारेही भेटतात. अनुक्रमांकाभोवतीचा धातू शेजारच्या पृष्ठभागापेक्षा खाली दबलेला किंवा अधिक गुळगुळीत आहे का, हे पाहणे म्हणूनच सोडू नये.

नळीची आतील अवस्था आणि यंत्रणा यांचे महत्त्व रायफलीच्या प्रकाराप्रमाणे बदलते. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये नळीच्या आतील पीळदार खाचा अंधूक आणि नळीत खड्डे असले, तरी बाहेरील मूळपणा चांगला असेल तर नुकसान मर्यादित राहते. याउलट मोठ्या शिकारीसाठी बनलेल्या ब्रिटिश दुनाळी रायफलीत नळीची अवस्था किमतीच्या मध्यभागी असते, कारण तिचा ग्राहक बहुधा ती वापरणाराही असतो. तिथे ती काळ्या दारूसाठी तपासलेली आहे की नंतरच्या धूरविरहित दारूसाठी, हे चाचणीगृहाच्या ठशांवरून वाचावे लागते आणि त्या एका ठशाने भाव बराच बदलतो. कधी संग्राह्यता आणि सुरक्षितता एकमेकींपासून पूर्ण अलग होतात. अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्डचे सुरुवातीचे रिसीव्हर, म्हणजे स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८ लाखांखालील आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ खालील क्रमांक, सदोष उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ असू शकतात. त्या रायफली संग्राहक आनंदाने घेतात, पण चालवत नाहीत.

दुर्मीळपणा आणि मागणी या दोन गोष्टींची गल्लत फार होते. थोड्याच बनलेल्या पण कोणालाही नको असलेल्या रायफली पुष्कळ आहेत. उलट विंचेस्टर १८९४ लाखोंनी बनली, तरी १९६४ मध्ये कंपनीने खर्च कमी करण्यासाठी उत्पादनपद्धती बदलल्यामुळे त्याआधीचे नग वेगळ्या भावाने जातात. पुरवठाही एका रात्रीत बदलू शकतो. २००३ मध्ये काठमांडूतील जुन्या शस्त्रागारातून मार्टिनी-हेन्री, स्नायडर, ब्रन्सविक आणि नेपाळी बनावटीच्या गहेंद्र रायफलींचा प्रचंड साठा पाश्चात्त्य बाजारात आला, आणि तोवर क्वचितच दिसणाऱ्या गहेंद्र रायफली सहज मिळू लागल्या. त्याआधीच्या किंमतदर्शिकेवर विसंबून नंतर खरेदी करणाऱ्याने जास्त पैसे मोजले असणार. म्हणून छापील दर्शिकेतील आकडा मी दिशा समजण्यापुरता वापरतो.

पूर्वेतिहास हा किमतीला सर्वाधिक ताणणारा घटक आहे, आणि सर्वाधिक फसवणारासुद्धा. विंचेस्टर १८८६ मॉडेलची अनुक्रमांक १ ची रायफल अपाची योद्धा जेरोनिमोला पकडण्याच्या मोहिमेशी संबंधित कॅप्टन हेन्री लॉटन यांना भेट देण्यात आली होती. २०१६ मध्ये ती लिलावात १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली. तिथे पहिला क्रमांक, नामांकित व्यक्ती, कोरलेला मजकूर आणि सलग मालकीचा पुरावा हे सारे एकत्र आले होते. ‘आजोबांना ही अमुक सेनापतीने दिली’ ही घरातील आठवण खरी असू शकते, परंतु बाजारात तिला कागद लागतो: पत्र, जुने छायाचित्र ज्यात रायफलीची एखादी विशिष्ट खूण दिसते, सैन्यातून वस्तू आणण्याची परवानगी, खरेदीची पावती. असे कागद रायफलीसोबत जपावेत आणि विकतानाही तिच्याचसोबत द्यावेत. कागद नसेल, तर मी कथेचे शून्य पैसे धरतो.

आता दोन विक्रेत्यांच्या दोन आकड्यांकडे येतो. एकाच वस्तूच्या अनेक किमती एकाच वेळी खऱ्या असतात. व्यापारी स्वतः विकत घेताना जो भाव देतो त्यात त्याचा नफा, अडकलेले भांडवल आणि विक्रीला लागणारा काळ वजा असतो. विम्यासाठीची किंमत म्हणजे तशीच वस्तू दुकानातून आज पुन्हा घ्यायला लागेल ती रक्कम, आणि ती सर्वांत वर असते. लिलावातील भाव या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो. उदाहरणादाखल, हातोडा १०० वर पडला आणि खरेदीदाराकडून २५ टक्के व विक्रेत्याकडून १५ टक्के आकारणी असेल, तर खरेदीदार १२५ मोजतो आणि विक्रेत्याच्या हाती ८५ पडतात. ‘लिलावात १२५ ला गेली’ हे वाक्य ऐकून घरी १२५ येतील असे समजणाऱ्याचा हिरमोड ठरलेला आहे. तुमच्या पहिल्या विक्रेत्याने बहुधा खरेदीचा भाव सांगितला आणि दुसऱ्याने दुकानातील विक्रीचा किंवा विम्याचा. दोघांना एकच प्रश्न विचारा: ‘या आकड्याला तुम्ही आज घ्याल का?’

माझी स्वतःची पद्धत अशी की आधी त्याच मॉडेलचे, त्याच रचनेचे आणि जवळपास त्याच अवस्थेचे अलीकडचे प्रत्यक्ष झालेले व्यवहार गोळा करायचे. मागितलेल्या किमती यात धरायच्या नाहीत, कारण वर्षानुवर्षे न विकलेली रायफल वर्षानुवर्षे तोच आकडा दाखवत असते. मग एकेक फरक पाहून वर-खाली जायचे, आणि शेवटी एक आकडा न सांगता इथपासून तिथपर्यंत असा किमतीचा एक पट्टा सांगायचा. एकाच लिलावातील विक्रमी भावाला फार महत्त्व देऊ नये, कारण तिथे दोन हट्टी बोलीदार समोरासमोर आलेले असू शकतात.

कायद्याचाही किमतीवर थेट परिणाम होतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र ‘अँटिक’ मानले जात असल्याने त्या वर्षाच्या अलीकडची आणि पलीकडची एकसारखी रायफल वेगवेगळ्या भावाने विकली जाते. ब्रिटनमध्ये वयाबरोबर ती कोणत्या काडतुसाची आहे हेही पाहिले जाते. ज्या देशात रायफल आहे तिथले परवान्याचे, हस्तांतरणाचे आणि निर्यातीचे नियम आधी लेखी विचारून घ्यावेत. जी वस्तू कायदेशीरपणे हलवताच येत नाही तिचा बाजार तेवढाच लहान होतो. दस्त्यावर हस्तिदंताचे जडावकाम असेल, तर आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंध वेगळेच लागू होतात.

मूल्यमापक निवडताना जो तुमच्याकडून विकत घेऊ इच्छितो त्याच्याकडूनच लेखी मूल्यांकन घेऊ नका, आणि किमतीच्या टक्केवारीत शुल्क मागणाऱ्याला नकार द्या. त्याला पाठवण्यासाठी दिवसाच्या मऊ प्रकाशात, फ्लॅश न वापरता, छायाचित्रे काढावीत: दोन्ही बाजूंनी पूर्ण रायफल, रिसीव्हरचा माथा, प्रत्येक ठसा आणि क्रमांक जवळून, स्क्रूंची डोकी, दस्त्याच्या टोकावरची पट्टी आणि नळीचे तोंड. विंचेस्टरच्या दस्त्याच्या पट्टीत झाकण असेल तर ते जोर न लावता उघडून आत काय आहे तेही टिपावे. साफसफाईच्या मूळ गजाचे तुकडे कधी कधी तिथेच पडलेले असतात, आणि ते जागच्या जागी राहू द्यावेत.